वाचता येणारा माणूस

शालन कोळेकर कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि संपादकीय विभागात मी एकटाच होतो. तिनं चपला बाहेर काढल्या. आमच्याकडे कोणी चपला काढत नाही, हे तिला मी दोन-तीनदा सांगितलं होतं. पण जिथं रोज एवढा कागद छापला जातो तिथं चपला घालून यायचं तिच्या मनाला पटत नसावं. आत आली, समोर उभी राहिली. बस म्हटल्यावर बसली. मग मुठीतला रुमाल सोडून त्यातली एक काचेची बाटली तिनं माझ्या पुढ्यात ठेवली.

"दादा, एवढं वाचून सांगता का? इंग्रजी हाय."

बाटली अंगठ्याएवढी होती. वरचं पत्र्याचं झाकण उचकटलेलं, तळाशी पिवळसर तेलकट थेंब. चिठ्ठीवरची अक्षरं बारीक होती, पण पुसलेली नव्हती. मी चष्मा लावला.

ही २००२ सालातली गोष्ट. सांगलीतल्या एका दैनिकाचं खेळाचं पान मी तेव्हा बघत होतो. पान म्हणजे खरं तर पाऊण पान, उरलेल्या भागात टायरच्या जाहिराती. त्या पाऊण पानात शालनला मीच आणलं होतं. आटपाडीच्या बाजूला एका वाडीवर तिचा बाप बिरू कोळेकर मेंढरं राखायचा. शाळेच्या स्पर्धेत तिनं गोळा फेकला तो आखलेल्या मैदानाबाहेर जाऊन पडला, आणि तिथं पाहुणे म्हणून आलेल्या इंगवले सरांनी त्याच दिवशी तिच्या बापाला गाठलं. दत्ताजी इंगवले हे आमच्या भागातलं वेटलिफ्टिंगमधलं मोठं नाव. मिरज रस्त्याला त्यांची व्यायामशाळा होती, मागच्या दोन खोल्यांत बाहेरगावच्या मुली राहायच्या. शालन सोळाव्या वर्षी तिथं आली. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाली आणि नंतर परीक्षेला बसलीच नाही.

मी तिच्यावर पहिला लेख लिहिला तेव्हा ती अठराची होती. 'माणदेशाची वाघीण' हा मथळा माझाच. पुढं लोकांनी तो उचलला, गणपतीच्या मंडपातल्या फलकावरही आला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत तिचा स्नॅचचा, म्हणजे एका झटक्यात डोक्यावर वजन उचलण्याचा, आकडा ऐंशी किलोवरून पंच्याण्णववर गेला. सहा महिन्यांत पंधरा किलो. मी त्यावरही लिहिलं. बाजरीची भाकरी, शेळीचं दूध आणि उन्हातान्हात मेंढरांमागं चालून कमावलेले पाय, असं सगळं लिहिलं. तो लेख वाचून मुंबईच्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी शेळीच्या दुधाबद्दल विचारणा करणारं पत्र पाठवलं होतं. ते पत्रही मी छापलं.

आता ती एकोणीस वर्षांची होती, राष्ट्रीय विजेती होती आणि पाच आठवड्यांनी आशियाई स्पर्धेच्या निवडीचं शिबिर होतं.

"कुठं मिळाली ही?" मी विचारलं.

तिनं सांगितलं की रिकाम्या बाटल्या सर स्वतः गोळा करून नेतात, ही एक खाटेखाली घरंगळली होती. आठवड्याला दोन सुया असतात. ताकदीचं आहे असं सर म्हणतात. एवढं सांगून ती थांबली, आणि रुमालाची घडी घालत बसली.

तिचा आवाज बदलला होता हे मला नवं नव्हतं. वर्षभरापूर्वीपर्यंत तो मुलीचा आवाज होता. नंतर तो खाली खाली जात राहिला, घोगरा झाला. हनुवटीखाली आणि कानाजवळ तिला लव आली होती, ती झाकायला ती बोलताना मान खाली घालायची. हे सगळं मी बघितलं होतं. बघणं हाच माझा धंदा होता.

"आई लई काळजी करती," ती म्हणाली. "म्हणती, हे काय बरं नव्हं. आठ महिनं झालं." काय आठ महिने झालं ते तिनं सांगितलं नाही. पुरुषमाणसाला सांगण्यासारखं ते नव्हतं आणि मला कळायला तेवढं पुरेसं होतं. "सरांना इचारायला भ्या वाटतं. डाक्टरकडं जायचं तर सर म्हणतात आपला डाक्टर आपण बघू. म्हणून म्हटलं, दादांना वाचता येतंय, ते सांगतील."

मी बाटली उजेडाकडं धरली. नाव पाहताक्षणी ओळखलं. आदल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी दिल्लीच्या एका जुन्या वार्ताहरानं चहा पिता पिता मला अशी सहा-सात नावं सांगितली होती, आणि कुठल्या नावानं काय होतं तेही. मी ती डायरीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवली होती. पत्रकारांच्या कोंडाळ्यात ही नावं मोकळेपणानं घेतली जायची. अमक्याचा कोर्स चालू आहे, तमकीचा संपला, अशी भाषा. कोणी त्यावर लिहीत नसे. लिहायचं नाही असं कोणी कधी ठरवलंही नव्हतं. सिनेमाच्या पानावरच्या माणसाला नट-नट्यांचं खरं वय ठाऊक असतं, तसंच हे.

नाव होतं नॅन्ड्रोलोनचं. स्टेरॉईड. त्याच्याखाली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये अशी सूचना होती. मी ती दोनदा वाचली, मनातल्या मनात.

"जीवनसत्त्वाचं आहे," मी म्हणालो. "ताकदीचंच. सर बरोबर सांगतात."

"बाईमाणसाला चालतंय?"

"सरांनी विचार करूनच दिलं असेल ना."

तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं. तिनं बाटली पुन्हा रुमालात बांधली. जाताना म्हणाली, आईला सांगते, पेपरच्या दादांनी वाचलं म्हणून. मग तिला झोप लागेल.

मी असं का म्हणालो, याचं उत्तर मी अनेक वर्षं स्वतःला वेगवेगळं दिलं. खरं उत्तर माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी शालनला आशियाई स्पर्धेला पाठवायचं कबूल केलं होतं. तिला, इंगवले सरांना आणि वर्णन लिहायला सोबत एका पत्रकाराला. माझं पारपत्र आठवड्यापूर्वीच टपालानं आलं होतं. मी विमान फक्त आकाशात पाहिलेला माणूस. चाळीशी उलटली होती आणि जिल्ह्याबाहेर माझं नाव कोणाला माहीत नव्हतं.

तरी त्या दिवशी मी अगदीच निगरगट्ट नव्हतो. संध्याकाळी स्कूटर काढली आणि व्यायामशाळेत गेलो. इंगवले सर ओट्यावर बसून मुलींकडून बैठका काढून घेत होते. शालन खांद्यावर दांडा घेऊन खाली जात होती, वर येत होती. तिनं माझ्याकडं बघून किंचित हसल्यासारखं केलं. मी सरांना बाजूला घेतलं आणि बाटलीचं नाव न घेता विचारलं की मुलींना काय काय देता.

सरांनी टाळाटाळ केली नाही. उलट शांतपणे समजावून सांगितलं. सगळीकडे देतात. उत्तरेकडच्या मुली तर याच्या तिप्पट घेतात. तीन आठवडे आधी बंद केलं की लघवीत काही सापडत नाही, त्यांच्याकडे तक्ता आहे, डॉक्टर आहे. नुसत्या भाकरीवर पंच्याण्णव किलो उचलून दाखवणारी एक पोरगी आणा, मी व्यायामशाळेला कुलूप लावतो.

"चिवटे, तुम्ही लिहा की," ते शेवटी म्हणाले. "मी काय हात धरत नाही. लिहा. उद्या ही परत वाडीला जाईल, लग्न होईल, कोणाच्या तरी मेंढरांमागं फिरेल. तुमच्या पानावर परत टायरच्या जाहिराती."

त्यांनी मला चहा दिला. मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना सांगितलं. नाडगौडा साहेब चांगला माणूस होता, पालिकेतली लफडी बेधडक छापायचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की बाटली कुठं आहे. मी म्हणालो, तिला परत दिली. मुलगी नावानिशी बोलेल का? मी म्हणालो, तिला काय आहे तेच ठाऊक नाही. तू सांगितलंस का तिला? यावर मी काहीतरी पुटपुटलो. ते माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "अरविंद, पुरावा आण, पहिल्या पानावर घेतो. पुरावा नसेल तर शिबिराची बातमी दे."

मला हायसं वाटलं. आपण सांगून पाहिलं, आता जबाबदारी आपली नाही, असं मनाशी म्हणत मी शिबिराची बातमी दिली. पुरावा मिरज रस्त्याला एका खाटेखालच्या रुमालात होता आणि तो मागायला मी गेलो नाही.

पाच आठवड्यांनी शालन शिबिराला गेली. सरांचा तक्ता चुकला. निवड चाचणीआधीच सगळ्या मुलींची तपासणी झाली आणि तिसऱ्या दिवशी वृत्तसंस्थेच्या यंत्रावर चार ओळी आल्या. दोन मुली दोषी. त्यातलं एक नाव शालन बिरू कोळेकर, महाराष्ट्र.

पहिल्या पानावरची बातमी मी लिहिली. चाळीस मिनिटांत लिहिली आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली बातमी ठरली. 'माणदेशाच्या मातीला डाग' हा मथळा. ज्या मातीनं तिला वाढवलं, ज्या गावानं तिच्या वाटेवर फुलं टाकली, त्यांची तिनं फसवणूक केली, असं मी लिहिलं. फसवणूक हा शब्द तीन वेळा आला होता. इंगवले सरांना फोन करून त्यांचं म्हणणं घेतलं. आपल्याला धक्का बसला आहे, मुलीनं परस्पर बाहेरून काही आणून घेतलं असावं, आपल्या व्यायामशाळेत असले प्रकार चालत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज फोनवर कापत होता. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्याला चौकट दिली.

आदल्या महिन्यातल्या त्या संध्याकाळचा चहा त्या चौकटीत कुठंच नव्हता.

कुणीतरी शिव्या देईल, निदान कुणी विचारेल की बाबा, शेळीच्या दुधावर लिहिणारा तूच ना, असं मला वाटत होतं. कोणी विचारलं नाही. उलट तीन-चार वाचकांनी अभिनंदनाची पत्रं पाठवली. आपल्याच लाडक्या खेळाडूवर असं निर्भीडपणे लिहायला छाती लागते, असं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं.

जूनमध्ये राज्य संघटनेनं चौकशी ठेवली. सांगलीतच, संघटनेच्या कार्यालयावरच्या लांब खोलीत, सकाळी अकरा वाजता. समितीत तीन माणसं होती: एक निवृत्त न्यायाधीश, ते अध्यक्ष, एक डॉक्टर, आणि संघटनेचे एक पदाधिकारी. पत्रकारांना आत बसू द्यावं, पारदर्शकता राहील, असं अध्यक्षांनीच सुचवलं होतं. आम्ही तिघे भिंतीला लागून खुर्च्या टाकून बसलो.

शालन बापाबरोबर आली. बिरू कोळेकरांनी लाल पटका बांधला होता, खांद्यावर घोंगडी होती. ते आत आले आणि आधी माझ्याकडं वळून त्यांनी रामराम केला. नंतर समितीला केला. त्यांना बहुतेक मीच तिथला मोठा माणूस वाटत होतो. शालननं अंगभर ओढणी घेतली होती. दोन महिन्यांत ती बारीक झाली होती, चेहऱ्यावर मोठाल्या पुटकुळ्या होत्या.

इंगवले सरांचं आधी झालं. त्यांनी फोनवर सांगितलं तेच सांगितलं, या वेळी आवाज कापला नाही. ते झाल्यावर त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

मग शालनला विचारलं. ती उभी राहून उत्तरं देत होती. सुया सर द्यायचे. त्यांच्या खोलीत. कशाच्या, ते माहीत नव्हतं. कोणी बघितलं का? दुसऱ्या मुली होत्या. त्या आता कुठं आहेत? घरी. त्या बोलायला तयार नाहीत, असं पदाधिकाऱ्यांनी मधेच सांगितलं. त्यांनी लेखी दिलं आहे की सर असं काही करत नाहीत. काही बाटली, कागद, चिठ्ठी? एक बाटली होती. शिबिराला जायच्या आधी टाकून दिली. का टाकलीस? वाईट काही नाही म्हणून कळलं, म्हणून टाकली.

आतापर्यंत गप्प असलेले डॉक्टर पुढं झुकले. "कळलं म्हणजे? कोणाकडून कळलं?"

"इचारलं होतं."

"कोणाला?"

 माझ्या हातातलं पेन वहीवर टेकलेलं होतं, ते तिथंच राहिलं.

"ज्यांना वाचता येतं, अशा एका माणसाला," ती म्हणाली.

"काय सांगितलं त्यांनी?"

"जीवनसत्त्व."

डॉक्टरांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. ते सावकाश, अगदी लहान मुलीला समजवावं तसं बोलले. म्हणाले, बाळ, हे महत्त्वाचं आहे. तू बाटली घेऊन कोणाकडं तरी गेलीस आणि त्या माणसानं तुला चुकीचं सांगितलं, हे जर सिद्ध झालं, तर तू अजाणता हे केलंस असं आम्हाला मानता येईल. बाटली होती, तू शंका घेतलीस, हेही सिद्ध होईल. तुझ्या सरांकडंही मग आम्हाला वेगळ्या नजरेनं बघावं लागेल. तुझी शिक्षा दोन वर्षांवर येऊ शकेल. एकविसाव्या वर्षी तू परत उभी राहशील. नाव सांगितलं नाहीस, तर हे सगळं तू रचून सांगतेस असं आम्हाला धरावं लागेल.

"त्या माणसाचं नाव सांग."

शालननं मान वर केली. समितीच्या टेबलावरून तिची नजर भिंतीकडं आली, आम्ही तिघे बसलो होतो तिथं. मी वहीकडं बघत होतो, पण ती बघते आहे हे मला कळत होतं. माझ्या शेजारी बसलेला वार्ताहर भराभर लिहीत होता. बाहेर रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागं घेत होतं, क्लीनर पत्र्यावर थापा मारत होता. त्या थापा मी मोजल्या. दुसरं काहीतरी करायला हवं म्हणून मोजल्या. नऊ झाल्या.

"नाव नाही सांगायचं," ती म्हणाली. "त्यांनी औषध दिलं नाही. त्यांनी नुसतं वाचून दाखवलं."

अध्यक्षांनी अजून एकदा विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. बिरू कोळेकर उठले आणि हात जोडून पोरीला म्हणाले, "सांग की बाय. कोण हाय त्यो?" तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

समितीनं अर्ध्या तासात निकाल दिला. आजीव बंदी. चौकशीत सहकार्य न केल्याचा उल्लेख निकालपत्रात वेगळा होता. इंगवले सरांविरुद्ध पुरावा नाही.

जिन्याखाली बिरू कोळेकरांनी मला गाठलं. शालन रस्त्यापलीकडं पाठमोरी उभी होती. ते म्हणाले, "साहेब, तुमी आजवर आमच्या पोरीचं चांगलं लिवलं. आता बी लिवायचं ते लिवा. तुमचं काम हाय. फकस्त ती खोटं बोलली आसं लिवू नका. ती खोटं बोलत न्हाई." मी मान हलवली. दोन महिन्यांपूर्वी मी काय लिहिलं होतं, ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं, किंवा दाखवताना गाळलं होतं.

मी कचेरीत येऊन बातमी लिहिली. 'शालनची कारकीर्द संपुष्टात, चौकशीत असहकार'. औषधाबाबत आपण एका व्यक्तीला विचारलं होतं असा दावा तिनं केला, मात्र त्या व्यक्तीचं नाव सांगण्यास ती असमर्थ ठरली, असं मी लिहिलं. असमर्थ. मग ते वाक्यच काढून टाकलं. नाडगौडा साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला. काही न बोलता सही करून खाली पाठवला. त्यांना कळलं होतं की नाही, मला शेवटपर्यंत समजलं नाही. पुढं ते निवृत्त झाले, वारले.

साखर कारखान्यानं शब्द पाळला. शालनच्या जागी इंगवले सरांची दुसरी एक मुलगी निवडली गेली होती, तिच्यासोबत मी आशियाई स्पर्धेला गेलो. विमानात खिडकीशी बसलो. तिथून बारा वार्तापत्रं पाठवली. ती मुलगी सातवी आली. सर पुढं राज्याच्या निवड समितीवर गेले, त्यांच्या साठीच्या गौरव अंकात पहिला लेख माझा होता. हे सगळं सांगायला मला आता लाज वाटत नाही असं नाही, पण लाज वाटते म्हणून ते खोटं ठरत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःची एक समजूत करून घेतली होती. शालननं मला वाचवलं. मुलगी मोठ्या मनाची, तिनं माझ्या उपकारांची फेड केली. रोजच्या उठण्याबसण्यात ही समजूत उपयोगी पडायची. मी तिला भेटायला मात्र गेलो नाही. सोळा वर्षं गेलो नाही.

२०१८ साली, निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हा आटपाडीच्या एका शाळेनं बक्षीस समारंभाला बोलावलं. तिथल्या क्रीडाशिक्षकाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, कोळेकरांची शालन ना, आहे की, फाट्यापासून आत डाळिंबाची शेड आहे, तिथं मुकादम आहे. लग्न झालं होतं, दोन वर्षांत परत आली, मूल होत नव्हतं म्हणे. बाप गेला. आई आहे, तिला तीच बघते.

समारंभ संपल्यावर मी चालत गेलो. शेड म्हणजे लोखंडी खांबांवर टाकलेला पत्रा. खाली पंधरा-वीस बायका डाळिंबं निवडत बसल्या होत्या, लहान एका बाजूला, मोठी दुसऱ्या. शालन भरलेले क्रेट टेम्पोत चढवत होती. एका वेळी दोन. पाठ सरळ ठेवून, गुडघ्यातून वाकून, शिकवल्याप्रमाणे. तिनं मला ओळखलं. हातातले क्रेट ठेवले, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासाठी एक क्रेट उलटा करून ठेवला. मी त्यावर बसलो. आवाज तसाच होता, परत वर गेलाच नव्हता.

माझी तब्येत, मुलं, निवृत्तीनंतर कसा वेळ जातो, असं तिनं विचारलं. मी आईची चौकशी केली. थोडा वेळ असा गेला. मग मी म्हणालो की त्या दिवशी चौकशीत तू माझं नाव घेतलं नाहीस, ते मी आयुष्यभर विसरलो नाही. तू मला सांभाळून घेतलंस. तुझे उपकार आहेत.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याचं बोलणं आपल्याला नीट ऐकू आलं नाही, तसा चेहरा होता.

"सांभाळलं नव्हतं, दादा," ती म्हणाली. "मी नाव घेतलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणाला असता. मग माझं कोण ऐकणार? म्हणून म्हटलं, आपण गप बसू. मला वाटलं, तुम्ही उठाल."

मी शेजारच्या डाळिंबांच्या ढिगाकडं बघितलं.

"लई वेळ वाट बघितली," ती म्हणाली. "तुम्ही लिहीतच नव्हता काही. बाकीचे दोघं लिहीत होते. म्हटलं, आता उठतील."

टेम्पोवाल्यानं हाक मारली. ती उठली, उरलेले क्रेट चढवले, फळकूट वर करून खिटी घातली आणि त्याला जायला सांगितलं. परत आली तेव्हा मी उभा राहिलो होतो. तिनं विचारलं, परतीची एस.टी. किती वाजता आहे. साडेचारची, मी सांगितलं.

"मग निघा," ती म्हणाली. "फाटा लांब हाय. चालायला वेळ लागतो."